अनुभव धागा: घरी लहान मूल आणि हातात निवडणुकीची ऑर्डर

शेवंती
माळा आवरताना २०२४ च्या विधानसभेची ड्युटीची पिशवी निघाली. आत ओळखपत्र, अर्धी मेणबत्ती, एक सेफ्टी पिन. सगळं वेळापत्रक डोळ्यासमोर आलं, म्हणून हा धागा. १५ ऑक्टोबरला घोषणा, २९ ला धनत्रयोदशी आणि त्याच दिवशी अर्ज भरण्याची शेवटची तारीख, ३ नोव्हेंबरला भाऊबीज, ४ ला माघार, २० ला मतदान, २३ ला मोजणी. म्हणजे सहामाहीचे पेपर, फराळ, किल्ला, प्रशिक्षण सगळं एकाच महिन्यात.

ऑर्डरवर मतदानाची एकच तारीख दिसते, पण घराच्या हिशेबात ती ड्युटी जवळजवळ चाळीस तासांची असते. १९ ला सकाळी साहित्य वाटपाला हजर व्हायचं, रात्री केंद्रावर, २० ला पहाटे पाचला उठायचं आणि साहित्य जमा करून सुटायला रात्रीचे बारा-एक, लांबचं केंद्र असेल तर त्याहून उशीर. मूल तीन वर्षांचं असो की दहावीचं, हे चाळीस तास आधी बसवावे लागतात.

घरी लिहून ठेवायच्या गोष्टी: मुलाच्या औषधाचं नाव आणि मात्रा (मिलिलिटरमध्ये, 'एक चमचा' असं नको, घरातले चमचे वेगवेगळे असतात), शाळेच्या रिक्षावाल्या काकांचा नंबर, डॉक्टरांचा नंबर आणि क्षेत्रीय अधिकाऱ्याचा नंबर. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. केंद्र कुठलं मिळणार ते वाटपाच्या दिवशीच कळतं, कारण पथकाला केंद्र देणारी तिसरी सरमिसळ (संगणकावरची चिठ्ठी टाकल्यासारखी निवड) अगदी शेवटी होते. तिथे रेंज नसेल तर निरोप क्षेत्रीय अधिकाऱ्यामार्फतच (आसपासच्या केंद्रांवर देखरेख ठेवणारा) पोहोचतो.

तुम्ही घर कसं लावून जाता ते लिहा. नेमकं लिहा, वेळा आणि प्रमाणासकट.

गुळपोळी
दशम्या! बाकी काही न्या नका नेऊ, दशम्या न्या. दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी चिरलेला गूळ, तो मावेल इतक्या कोमट दुधात विरघळवून गाळून घ्यायचा, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन, चिमूट मीठ. पाण्याचा थेंब घालायचा नाही. भिजवून वीस मिनिटं झाकून ठेवा, जाडसर लाटा, मंद आचेवर भाजा. गूळ असल्यामुळे मोठ्या आचेवर बाहेरून करपतात आणि आत कच्च्या राहतात.
चुकतं ते डब्यात भरताना. गरम भरल्या की वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आंबूस वास येतो. ताटात कापडावर पसरून पूर्ण गार करा, मग कापडातच गुंडाळून डबा लावा. दोन दिवस छान राहतात. अर्ध्या घरी मुलांसाठी, अर्ध्या पिशवीत. सोबत शेंगदाण्याची चटणी.

आंबेमोहर
गुळपोळीताई, ज्वारीच्या पिठाच्या होतात का अशाच?

गुळपोळी
होतात हो. दूध उकळतं घ्या, उकड काढल्यासारखं मळा. पण एक दिवसच, दुसऱ्या दिवशी कडक होतात.

खडूफळा
केंद्राध्यक्ष असाल तर घरी किती वाजता पोहोचणार हे सकाळी साडेपाचलाच ठरतं. मॉक पोलमध्ये (मतदानाआधीची मशीनची चाचणी) किमान ५० मतं, नोटासकट प्रत्येक उमेदवाराला किमान एक. मग मशीनवरची बटणं क्लोज, रिझल्ट, क्लिअर, याच क्रमाने. क्लिअर राहिलं तर संध्याकाळी कंट्रोल युनिटची (मतं साठवणारं मशीन) बेरीज १७ ए रजिस्टरशी (मतदारांची नोंदवही) जुळत नाही. मग अहवाल लिहा, वरिष्ठांना कळवा, मध्यरात्र तिथेच. व्हीव्हीपॅटच्या (मताची चिठ्ठी छापणारं मशीन) पेटीतल्या चिठ्ठ्याही काढायच्या, मागे मॉक पोलचा शिक्का मारायचा, काळ्या पाकिटात घालून सील करायच्या. घाईत पेटीत चिठ्ठी राहून जाते. पेटी रिकामी आहे हे उमेदवारांच्या एजंटांना वाकून बघायला लावा.

व्हीव्हीपॅटच्या मागचा नॉब: आडवा म्हणजे प्रवासाचा, उभा म्हणजे कामाचा. आडवाच ठेवून जोडणी केली की एरर येतो आणि लोक मशीन बदलायला फोन लावतात. आधी नॉब बघा. मशीन खिडकीसमोर किंवा थेट बल्बखाली ठेवू नका, आतल्या सेन्सरवर उजेड पडला की तक्रारी सुरू होतात. शाळेच्या खोलीत फळ्याच्या बाजूचा कोपरा बहुतेक बरा असतो.

दुपारी दोन ते चार गर्दी कमी असते. त्या वेळेत पाकिटांवर केंद्र क्रमांक, नाव, मतदारसंघ लिहून ठेवा. ९, ११, १, ३, ५ ची आकडेवारी डायरीत तेव्हाच्या तेव्हा भरा. सहाला रांग असेल तर चिठ्ठ्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटत या, म्हणजे मागून कोणी घुसत नाही. मग क्लोज, १७ सी च्या (मतांचा हिशेब) प्रती एजंटांना, व्हीव्हीपॅटची बॅटरी काढणे, सीलिंग. हे सगळं जागच्या जागी असलं तर जमा केंद्रावर रांगेत पुढे लागता. मागे लागलात तर दोन तास गेलेच.

शेवंती
@खडूफळा, अगदी. दुपारी पाकिटं लिहून ठेवायचं प्रशिक्षणात कोणी सांगत नाही.

दुधाची_साय
अंगावर पिणारं बाळ असेल तर आधी वगळण्यासाठी अर्ज करा. स्तनदा मातांना आणि डॉक्टरांनी श्रमाचं काम टाळायला सांगितलेल्या गरोदर बायकांना वगळायची सूचना आयोगाचीच आहे. अर्जाला बाळाचा जन्मदाखला, ऑर्डरची प्रत आणि कार्यालयप्रमुखाचं पत्र जोडा. ऑर्डर हातात आल्यापासून दोन-तीन दिवसांत द्या आणि पोचेवर तारखेचा शिक्का घ्या. पथकं तयार झाल्यावर अर्ज गेला तर बदली माणूस शोधण्यात तो अडकून पडतो. नवरा-बायको दोघांना ऑर्डर आली असेल तर दोन्ही ऑर्डरी एकाच अर्जाला जोडून एकाची सुटका मागा, बऱ्याच ठिकाणी विचार होतो.

तरीही जावंच लागलं तर: काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस. फ्रिजच्या दारात नको, आत मागच्या बाजूला ठेवा. ६० ते ९० मिलिलिटरच्या लहान बाटल्या भरा, वर तारीख-वेळ. गरम पाण्यात बाटली बुडवून कोमट करा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर दोन तासांत संपवायचं, नाहीतर टाकायचं. वरचं बाटलीने घ्यायची सवय आठवडाभर आधी लावा, आणि ती दुसऱ्या कोणी पाजावी. आई समोर असली की बाळ बाटली घेत नाही.

तुळशीवृंदावन
साय, किती कामाचं लिहिलंस गं. बहिणीला पाठवते.

आंबेमोहर
मत द्यायला लहान मुलाला आत नेता येतं का? आमच्याकडे दरवेळी दारावर वाद होतात.

खडूफळा
कडेवरचं मूल नेता येतं, नियमात तसं स्पष्ट आहे (मतदारासोबतचं कडेवरचं बाळ). चालत्या-बोलत्या मुलाला सोबतच्या माणसाकडे ठेवा. कंपार्टमेंटमध्ये बटण त्याला दाबू देऊ नका. दिवा लागतो, बीप वाजतो आणि मत गेलेलं असतं, परत घेता येत नाही. चिठ्ठी ७ सेकंद दिसते, तेवढा वेळ मूल शांत हवं.
मोबाईल आत चालत नाही, त्यामुळे 'मोबाईल दाखवून गप्प करू' हा बेत नको. खिशात राजगिऱ्याची वडी ठेवा.

भाजणी
दुसऱ्या मतदान अधिकाऱ्याच्या टेबलावरचं एक. बोट तेलकट असलं की शाई नीट बसत नाही. दिवाळीनंतरच्या थंडीत हाताला तेल, क्रीम सगळ्यांच्याच असतं. टेबलावर जुनी सुती चिंधी ठेवा, डावी तर्जनी पुसून मग शाई. मतदार आयांनी शाई वाळेपर्यंत बाळाला त्या हाताने घेऊ नये. दुपट्याला लागलेली निघत नाही.

चिवडाप्रेमी
अवांतर: २० तारखेपर्यंत चिवडा मऊ पडलेला असतो, घरच्यांना तोच देऊन जावं लागतं. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ६-७ मिनिटं हलवा, पूर्ण गार झाल्यावरच डबा. डब्यात गरम असताना साखर-मीठ घातलं असेल तर मात्र परत मऊ पडणार.

गुळपोळी
आणि पातळ पोहे आधी उन्हात वाळवले नसतील तर कढई पण काही करू शकत नाही 🙂

चिवडाप्रेमी
ऊन कुठून आणायचं, पाऊसच ऑक्टोबर संपेपर्यंत हलत नाही हल्ली.

गुळपोळी
ओव्हन असेल तर १०० अंशांवर दहा मिनिटं. नसेल तर कोरडेच कढईत भाजा, आकसायच्या आत उतरवा.

रातकिडा
अभ्यासाची मुलं असलेल्यांसाठी. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंदच. वाजला तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर तक्रार करा. ॲपमधूनच फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ काढावा लागतो, गॅलरीतला जुना चालत नाही. लोकेशन सुरू हवं. १०० मिनिटांत निकाली काढायचं बंधन आहे. नाव न देताही करता येते, पण मग पुढे काय झालं ते कळत नाही. जाहीर प्रचार मतदान संपायच्या ४८ तास आधी थांबतो, म्हणजे २०२४ ला १८ नोव्हेंबर संध्याकाळी सहा. त्या दोन रात्री शांत मिळतात.
अजून एक: मुलांना पत्रकं वाटायला, घोषणा द्यायला, रॅलीच्या गाडीत बसवायला आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सक्त मनाई केली आहे. गल्लीतली पोरं टोपी-झेंडा मिळतो म्हणून जातात. आधीच समजावून ठेवा.

वाडा_चिरेबंदी
घरात ८५ च्या पुढचे आजी-आजोबा असतील तर १२ डी, म्हणजे घरूनच मत देण्यासाठीचा फॉर्म. अधिसूचनेपासून पाचच दिवस मिळतात. २०२४ ला अधिसूचना २२ ऑक्टोबरची, म्हणजे घराघरात फराळाची कढई चढलेली असताना मुदत संपली. बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारे केंद्रस्तरीय अधिकारी) फॉर्म घेऊन येतात तेव्हा वयाचा पुरावा हाताशी ठेवा. पथक घरी येतं, आले तेव्हा कोणी नसेल तर आणखी एकदाच येतं. १२ डी मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. नाहीतर नातू आजोबांना हौसेने रिक्षाने नेतो आणि परत आणावं लागतं. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांनाही हीच सोय.

तुळशीवृंदावन
आणि अठराव्या वर्षाचे? त्यांचंही लिहा कोणीतरी.

वाडा_चिरेबंदी
यादीत नाव घालायला फॉर्म ६. आता वर्षातून चार पात्रता तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ भरता येतो. अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधीपर्यंत दिलेलाच त्या निवडणुकीला धरतात, २०२४ ला १९ ऑक्टोबर. वसतिगृहात राहणाऱ्यांनी घरचा पत्ता किंवा वसतिगृहाचा, एकच निवडा. दोन्हीकडे नाव चालत नाही.

उसाचं_पाचट
बीड, नगरकडच्या घरांबद्दल कोणी लिहिलं नाही. २०२४ ला गळीत हंगाम १५ नोव्हेंबरला आणि मतदान २० ला. कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, मुकादमाचा ट्रक दारात. मुलांचं आधी बघावं लागतं. गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार असेल तर मुख्याध्यापकांकडे निघायच्या आधी नाव द्या, आजी-आजोबांची संमती लेखी. मूल सोबत जाणार असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या, कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवलं की दाखल्याशिवाय बसवून घेतात. हे कार्ड न घेता गेलेलं पोर मार्चमध्ये परत येतं तेव्हा वर्गात सगळ्यात मागे पडलेलं असतं. मतदानाला मुकादम परत आणेल यावर विसंबू नका, त्याच्याशी तारीख बोलून मगच गाडीत बसा.

शेवंती
@उसाचं_पाचट, हे लिहिलंत बरं केलंत. वसतिगृहाचं नाव नोंदवायला आधार लागतं का?

उसाचं_पाचट
असलं तर द्या. नसलं तरी नाव लिहायला लावा, मूल त्याच शाळेच्या पटावर असतंच.

लाल_डबा
१९, २० ला एसटीच्या बऱ्याच गाड्या निवडणुकीच्या कामाला जातात. माहेराहून मुलांना घेऊन परतायचं असेल तर १७-१८ लाच निघा, किंवा २१ ला दुपारनंतर. २१ ला सकाळी गाड्या आणि ड्रायव्हर दोन्ही रात्रभर जमा केंद्रावर थांबून आलेले असतात.

भाजणी
मोजणीची ड्युटी असेल तर वेगळं गणित. मोजणी आठला सुरू, पण हजेरी पहाटे पाच-सहाची. आधी टपाली मतं, साडेआठपासून मशीन. मोबाईल बाहेर जमा, त्यामुळे दुपारी घरी फोन नाही. २३ नोव्हेंबर शनिवार होता, शाळा सकाळची. मुलाला साडेअकराला कोण आणणार ते आदल्या रात्रीच ठरवा आणि शाळेच्या डायरीत त्या माणसाचं नाव लिहून सही करा. नाहीतर शाळा मूल सोडत नाही.

आंबेमोहर
दशम्या करून बघितल्या. दूध जास्त झालं, चिकट लागतंय पीठ.

गुळपोळी
कणीक मिसळू नका लगेच. पंधरा मिनिटं झाकून ठेवा, आवळून येईल. नाही आलं तर दोन चमचे ज्वारीचं पीठ.