मदत हवी आहे: घरचा पीसी सारखा आपोआप रीस्टार्ट होतोय

निळीशाई:
तातडीने मदत हवी आहे. घरचा पीसी पाच दिवसांपासून मध्येच बंद पडतो आणि आपोआप सुरू होतो. कधी दिवसातून दोनदा, कधी तासाभरात चारदा. व्हायरस स्कॅन केला, काही सापडलं नाही. सगळे अपडेट टाकून झाले. बहिणीचा प्रबंध याच मशीनवर आहे आणि पुढच्या आठवड्यात द्यायचा आहे. काल तिची चार पानं गेली, रडकुंडीला आली आहे. कृपया "दुकानात न्या" असं सांगू नका, तेवढे दिवस हातात नाहीत. काय करू?

खटपट्या:
डेस्कटॉप की लॅपटॉप? विंडोज कोणतं? किती जुना? निळा स्क्रीन येतो का? काय करत असताना होतं? एवढं सांगितल्याशिवाय सगळे अंदाजच.

सरळसोट:
फॉरमॅट मारा. माझ्याकडे हुबेहूब हेच होत होतं, फॉरमॅटनंतर दोन वर्षं झाली, एकदाही बंद पडला नाही. तासाभराचं काम आहे.

आभाळवेडी:
सरळसोट, त्यांच्या बहिणीचा प्रबंध आहे त्यावर. बॅकअपचं न विचारता फॉरमॅट कसं सांगता?
निळीशाई, बाकी सगळं बाजूला ठेवा. प्रबंधाची फाइल आत्ता पेनड्राइव्हवर घ्या आणि बहिणीच्या मेलवरही पाठवा. वर्ड असेल तर ऑटोरिकव्हरची (काम आपोआप जतन होण्याची) वेळ मुळात १० मिनिटं असते, ती १ करा. माझी अख्खी एक रात्र अशी गेली आहे, म्हणून कळकळीने सांगते.

निळीशाई:
फाइल घेतली, मेलही केली. धन्यवाद ताई.
डेस्कटॉप, असेंबल केलेला, सहा वर्षं जुना, विंडोज १०. निळा स्क्रीन येत नाही. झपकन काळा होतो आणि लगेच मदरबोर्डचा लोगो. टाइप करतानाही होतं, नुसता पडून असतानाही.

खटपट्या:
स्टार्टअप अँड रिकव्हरीमध्ये "ऑटोमॅटिकली रीस्टार्ट" ची टिक काढा. मग निळा स्क्रीन येत असेल तर तो थांबून राहील आणि कोड वाचता येईल. शिवाय इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टिम लॉगमध्ये त्या वेळेला काय नोंद आहे ते टाका.

पेंग्विनप्रेमी:
विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सहा वर्षांच्या मशीनवर लिनक्स मिंट उत्तम चालतं, मी घरातले तिन्ही पीसी त्यावर आणले आहेत. इन्स्टॉल करायचं असेल तर पायऱ्या लिहून देतो.

सुतळी:
रॅम आहे. दहातल्या नऊ वेळा रॅमच असते. काढा, सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवा, परत बसवा.

जुनाहात:
सुतळी, खोडरबराने तो सोन्याचा मुलामा घासला जातो, आणि भुकटी स्लॉटमध्ये पडली तर नवीन दुखणं. नुसती काढून घट्ट बसवली तरी बहुतेकदा तोच फायदा होतो. आधी मागचा स्विच बंद, वायर काढलेली, आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच आत हात घाला.

सुतळी:
वीस वर्षं खोडरबरच वापरतोय, एकही रॅम गेली नाही.

निळीशाई:
टिक काढली, तरी काळाच होतो. लॉगमध्ये "कर्नल-पॉवर ४१" च्या ओळीच्या ओळी आहेत, बगचेक कोड ०. कर्नल-पॉवर म्हणजे पॉवरचाच प्रॉब्लेम ना? नवीन एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा) मागवू का?

जुनाहात:
थांबा, लगेच खर्च करू नका. ४१ चा अर्थ इतकाच की आधीच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. ती नोंद पुन्हा चालू झाल्यावर होते, का झालं ते ती सांगत नाही. कोड ० आहे म्हणजे विंडोजला कोसळल्याची नोंद करायलाही सवड मिळाली नाही.
आता एक करा. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर जा आणि तासभर तसाच सोडा. तिथे विंडोज चालतच नाही. तिथेही रीस्टार्ट झाला तर विंडोज, ड्रायव्हर, व्हायरस सगळे संशयातून एकदम सुटले. तिथेच सीपीयूचं तापमान बघा.

स्वल्पविराम:
प्रबंध मराठीत आहे का? युनिकोडमध्ये टंकला आहे ना? कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर दुसऱ्या मशीनवर फाइल उघडल्यावर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतील. छपाईआधी पीडीएफ करा आणि फॉन्ट एम्बेड झालेत का ते तपासा.

निळीशाई:
स्वल्पविराम, युनिकोडच आहे, पण पीडीएफचं बहिणीला सांगतो.
बायोसमध्ये ठेवला. २३ मिनिटांनी रीस्टार्ट! तापमान ३८ होतं. दोन रॅम आहेत, एकेक लावून पाहिली, दोन्हींवर तेच. शेजारच्यांचा मल्टीमीटर आणला, पिवळ्या वायरवर ११.९ व्होल्ट.

खटपट्या:
त्या वायरवर १२ व्होल्ट हवेत, पाच टक्के कमी-जास्त चालतात, म्हणजे ११.४ ते १२.६. तुमचा आकडा ठीक आहे. पण मल्टीमीटरला क्षणभराचा झटका दिसत नाही, त्यामुळे एसएमपीएस अजून सुटलेला नाही. माझा संशय त्याच्यावरच आहे. कुणाचा तरी चांगला आणून लावून बघा.

सरळसोट:
बायोसमध्येही होतंय म्हटल्यावर फॉरमॅटचा सल्ला मागे घेतो. आता मलाही एसएमपीएस वाटतो.

जुनाहात:
असू शकतो. पण ओव्हरलोडने एसएमपीएस ट्रिप झाला की तो सहसा बंदच राहतो, मागचा स्विच बंद-चालू करावा लागतो. तुमचा क्षणात लोगो दाखवतो, तेही काही काम नसताना. कुणी रीसेट दाबल्यासारखं वाटतंय.
पाच दिवसांपूर्वी काय बदललं? घाई न करता आठवा.

निळीशाई:
काहीच बदललं नाही. प्रिंटर आला म्हणून कॅबिनेट टेबलावरून खाली ठेवला, बस. बहीण म्हणते खुर्ची पुढे ओढली की होतं, पण मी ते मनावर घेतलं नाही. बायोसच्या वेळी मीही खुर्चीत बसलो होतो.

आभाळवेडी:
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! बहिणीचं ऐका.

जुनाहात:
यावरून बरंच कळलं. दोन शक्यता. हलवताना एखादं कनेक्टर सैल झालं असेल: मागची पॉवर केबल, मदरबोर्डचं २४ पिनचं, सीपीयूजवळचं ४ किंवा ८ पिनचं. तिन्ही काढून खट् आवाज येईपर्यंत बसवा.
त्यानेही थांबलं नाही तर रीसेटचं बटण. ते दाबलं की फक्त दोन पिन जोडल्या जातात, आणि बोर्ड तत्क्षणी रीस्टार्ट होतो. मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात पुढच्या पॅनलच्या बारीक वायरी येतात. त्यातली "रीसेट एसडब्ल्यू" लिहिलेली दोन पिनची टोपी उपटून ठेवा. पॉवरच्या वायरीला हात लावू नका. रीसेटशिवाय मशीनचं काहीही अडत नाही. दोन्ही गोष्टी एकदम करू नका, नाहीतर दोष कशात होता ते कळणार नाही.

निळीशाई:
तिन्ही कनेक्टर बसवले. तासाभरात दोनदा रीस्टार्ट. आता रीसेटची टोपी काढली आहे. बहीण टाइप करत बसली आहे.

सुतळी:
तरी रॅमवर रात्रभर मेमटेस्ट८६+ चालवा.

निळीशाई:
तीन दिवस झाले. एकदाही नाही! खुर्ची मुद्दाम ओढून, कॅबिनेटला हलके धक्के देऊन पाहिलं, काही होत नाही.
मग टॉर्च लावून बटण बघितलं. हरभऱ्याएवढं आहे. नखाने दाबलं तर आत जातं आणि अर्धंच वर येतं, कडेला धुळीची काळी रेघ. टेबलाचा पाय बरोबर त्याच्या बाजूच्या पत्र्याला टेकत होता. कॅबिनेट चार बोटं लांब सरकवला, टोपी मात्र काढलेलीच ठेवतो.
जुनाहात, तुमचे उपकार विसरणार नाही. बहिणीने शेवटचं प्रकरण काल रात्री पूर्ण केलं.

खटपट्या:
एसएमपीएस नव्हता तर. चांगलं झालं, खर्च वाचला. धाग्याच्या शीर्षकात "सुटलं" असं लिहा, पुढच्या माणसाला उपयोग होईल.

स्वल्पविराम:
पीडीएफ केली का?

निळीशाई:
केली. फॉन्ट एम्बेड झालेत, जोडाक्षरं नीट दिसतात. दोन पेनड्राइव्हवर आणि मेलवर आहे.