आजीचा खापरपणजोबा कुठल्या कंपनीत कारकून होता?

टॉवेलवाला_सोलापूर:
नमस्कार मंडळी. माझ्या आईची आई अँग्लो-इंडियन, रेल्वे लाईन्समधे, म्हणजे रेल्वेच्या वसाहतीत वाढलेली, आता ८८ वर्षांची आहे. तिचे पणजोबा इंग्लंडहून जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत आले, म्हणजे गाडी सोलापूरला १८६० मधे पोचली त्यानंतर कधीतरी. त्यांच्या लग्नाच्या दाखल्याची नक्कल मागवली, १८६६ चा आहे, तिकडचाच. त्यात नवऱ्याच्या बापाचा धंदा लिहिलाय 'क्लार्क इन होली ऑर्डर्स'. आता आमचा धंदा चादरी-टॉवेलचा, मला वाटलं होली ही कुठलीतरी पेढी आणि हा तिथं ऑर्डरी लिहून घेणारा कारकून. तीन महिने होली कंपनी शोधतोय ओ, मँचेस्टर सगळं पालथं घातलं, काही मिळंना. कुणाला माहितीय का?

जुनी_कागदं:
अहो दादा, ती कंपनी म्हणजे चर्च! चर्च ऑफ इंग्लंडची दीक्षा घेतलेल्या पाद्र्याला कागदोपत्री असंच लिहायचे. पूर्वी लिहितावाचता येणारा माणूस म्हणजे बहुतेक चर्चचाच, म्हणून पाद्री आणि कारकून दोघांना एकच शब्द पडला. नुसतं क्लार्क असतं तर मी पण गोंधळले असते.

आणि नशीब काढलंत. त्या काळचा विणकर नाहीतर गवंडी शोधायचा म्हणजे जीव जातो, पाद्र्यांच्या मात्र छापील याद्या आहेत. क्रॉकफर्डची डिरेक्टरी १८५८ पासून निघते, त्यात कॉलेज, डिग्री, मग 'डी' आणि साल म्हणजे डीकन (दीक्षेची पहिली पायरी) झाला, 'पी' आणि साल म्हणजे प्रीस्ट (पूर्ण पाद्री), पुढं कुठल्या गावात कुठल्या पदावर. डीकनला २३ आणि प्रीस्टला २४ वय लागायचं, त्यावरून जन्मसालाचा अंदाज बांधा. ऑक्सफर्डला शिकला असेल तर तिथल्या विद्यार्थ्यांची १७१५ ते १८८६ ची यादी छापलेली आहे, केंब्रिजची १९०० पर्यंत.

लाईनीतला:
एक सांगतो, रेव्हरंड दिसला की क्रॉकफर्ड उघडायचं नाही. बॅप्टिस्ट, मेथॉडिस्ट त्यात नसतात. आपल्याकडच्या अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री पण नसतात, मी एकाला शोधण्यात अख्खा उन्हाळा घालवलाय. तुमचा 'होली ऑर्डर्स'वाला आहे म्हणून चालेल.

आधी इंग्लंडची १८५१ ची जनगणना बघा. १८४१ च्या खानेसुमारीत मोठ्यांची वयं पाचाच्या पाढ्यात खाली उतरवलीत आणि जन्म ह्याच काउंटीतला का एवढंच विचारलंय, १८५१ ला जन्मगावच लिहिलंय. पोरांची जन्मगावं वयाप्रमाणे लावा, बापाच्या बदल्या आपोआप दिसतात. आणि इकडं झालेल्या नातवंडांचे बाप्तिस्मे मुंबई इलाख्याच्या चर्च नोंदींत सापडतील, त्याच्या नकला लंडनला जायच्या, आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. फिबिस म्हणून ब्रिटिश इंडियातली घराणी शोधणाऱ्यांची संस्था आहे, तिच्या साईटवर फुकट शोधता येतं.

टॉवेलवाला_सोलापूर:
सापडला!! १८५१ मधे बायको आणि पाच पोरं, पाच पोरांची चार गावं, आजीचे पणजोबा तिसरे, वय ११. पण धंद्यापुढं क्युरेट लिहिलंय, हे काय आता? मामा म्हणतो क्युरेटरसारखं म्युझियम सांभाळत असेल.

जुनी_कागदं:
मामांना नमस्कार सांगा. रेक्टर म्हणजे गावच्या चर्चचा मुख्य पाद्री, समजा पूर्ण वतनदार, गावच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा सगळा त्याचा, व्हिकर पण गावचा मुख्य पाद्रीच, पण त्याला त्यातला छोटा वाटा. आणि क्युरेट म्हणजे बहुतेक वेळा त्यांच्या हाताखाली पगारावर राबणारा. रेक्टर कोण नेमायचा हा हक्कच मुळी मालमत्ता होती, विकला जायचा, विकत घेतला जायचा. ओळख नसेल तर बिचारा क्युरेट म्हणूनच म्हातारा व्हायचा, चार गावं त्यामुळंच असणार.

टॉवेलवाला_सोलापूर:
म्हणजे कारकूनच की ओ शेवटी. अजून एक, १८६० च्या डिरेक्टरीत आहे, पुढच्यात गायब. नाव मात्र तिकडं पैशाला पासरी आहे, त्याच नावाचे अजून दोन पाद्री निघाले.

लाईनीतला:
वारला असेल, नाहीतर चर्च सोडलं असेल. इंग्लंडमधे १८५८ पासून मृत्युपत्रांची सरकारी यादी आहे, वर्षावार, आडनावाच्या क्रमानं. मेल्याची तारीख, गाव, किती रकमेच्या आत मालमत्ता आणि कुणाच्या हाती दिली, हे सगळं चारपाच ओळीत असतं. तिथं मुलाचं नाव जुळलं तर तुमचाच, नाही जुळलं तर दुसऱ्याच्या बापाला घरी आणू नका.

टॉवेलवाला_सोलापूर:
आज लूमला सुट्टी आहे, १८६१ पासून सुरू करतो. आजीला अजून सांगितलं नाही, ती सगळ्या लाईनीत फोन लावत बसेल.