मीटबॉल दगडासारखे, सॉसला पाणी सुटलेलं: स्पॅगेटीत नेमकं काय चुकतंय?

मधली_आच

सहा जणांसाठी स्पॅगेटी, खिम्याचा सॉस आणि त्यातच मीटबॉल असा बेत आहे. दोनदा करून झालं, दोन्ही वेळा त्याच तीन तक्रारी. मीटबॉल कडक आणि वरून तडकलेले. सॉस ताटात घेतला की कडेने लालसर पाणी वेगळं होतं. आणि सॉस स्पॅगेटीला धरतच नाही, घसरून ताटाच्या तळाशी जातो.

मीटबॉल: बीफचा खिमा ५०० ग्रॅम (५ टक्के चरबीचा), ब्रेडचा कोरडा चुरा १०० ग्रॅम, २ अंडी, मीठ, मिरी, लसूण. एकत्र करून सहा-सात मिनिटं मळलं आणि तेलात तळलं.
सॉस: खिमा ५०० ग्रॅम, एक कांदा, डब्यातले चिरलेले टोमॅटो ८०० ग्रॅम, झाकण ठेवून ४० मिनिटं.
स्पॅगेटी: ५०० ग्रॅम, ३ लिटर पाणी, त्यात चमचाभर तेल. शिजल्यावर गार पाण्याने धुऊन चाळणीत निथळत ठेवली.

काय बदलू? आणि इटलीतली मूळ पद्धत काय आहे, तेही कोणी सांगितलं तर बरं.

खळ_आणि_खिमा

मीटबॉलपुरतं सांगतो. तुमच्याकडे तीन चुका एकमेकींच्या मदतीला धावल्या आहेत.

पहिली, चरबी. ५ टक्के चरबीचा खिमा गोळ्यांसाठी नकोच. निदान २० टक्के हवी. ३०० ग्रॅम बीफ आणि २०० ग्रॅम पोर्क हे माझ्या मते सगळ्यात चांगलं जुळतं. नुसतं बीफ घ्यायचं असेल तरी २० टक्क्यांचंच घ्या.

दुसरी, कोरडा चुरा. कोरडा चुरा ओलावा कुठून घेणार? मांसातूनच. १०० ग्रॅम चुऱ्याने खिम्यातलं पाणी शोषलं, म्हणून मिश्रण कोरडं झालं. कोरड्या मिश्रणाचा गोळा वळताना त्यात घड्या राहतात, आणि गरम तेलात पडला की नेमका त्या घड्यांवर तडकतो. त्याऐवजी पांढऱ्या ब्रेडच्या कडा काढून आतला मऊ भाग ६० ग्रॅम घ्या, १०० मिली दुधात दहा मिनिटं भिजवा आणि काट्याने चेचून दाट खळ करा. गुठळी राहू देऊ नका. ही खळ मांसाच्या कणांमध्ये जाऊन बसते. शिजताना मांसातली प्रथिनं एकमेकांना आवळून पाणी बाहेर ढकलतात. मध्ये खळ असली की त्यांना तेवढं आवळता येत नाही, आणि सुटलेलं पाणीही खळ धरून ठेवते.

तिसरी आणि सगळ्यात मोठी, मळणं. मीठ घातलेला खिमा मळत राहिलात की मायोसिन नावाचं प्रथिन मोकळं होतं आणि मिश्रण हाताला तार येईल इतकं चिकट होतं. सॉसेजला हाच चिकटपणा लागतो, मीटबॉलला तो मारक.

म्हणून क्रम असा ठेवा. खळीत १ अंडं (दोन नकोत, पांढरं जास्त झालं की गोळा रबरी होतो), किसलेलं पार्मेजान ४० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, अर्धा चमचा मिरपूड, बारीक किसलेल्या लसणाच्या २ पाकळ्या आणि मूठभर चिरलेली पार्सली आधीच एकजीव करा. खिमा सगळ्यात शेवटी, फ्रिजमधून काढल्या काढल्या. बोटं फाकवून, पंजाने माती उकरावी तसं वरखाली करा. मिनिटभर पुरतं. खळीचे दोन-चार पांढरे पट्टे दिसत राहिले तरी थांबा.

वळण्याआधी नाण्याएवढी एक चकती तव्यावर भाजून चाखा. मिठाचा अंदाज चुकला असेल तर तो सुधारायची हीच एक वेळ.

४० ग्रॅमचा एक असे वजनावर गोळे करा, साधारण १९ होतील. हात ओले ठेवा, दाबून घट्ट करू नका, फक्त घड्या मिटतील इतपत फिरवा. मग अर्धा तास फ्रिजमध्ये.

तळाला_लागलं

सॉसकडे येते. आधी प्रमाण. मीटबॉल असतील तर सॉसमध्ये ५०० ग्रॅम खिमा फार होतो, सॉस न राहता नुसता भरडा होतो. २५० ग्रॅम बस.

पाणी वेगळं होण्याची दोन कारणं. झाकण लावून शिजवलंत, म्हणजे वाफ पुन्हा पातेल्यातच. आणि डब्यातले चिरलेले टोमॅटो. त्यांचे तुकडे अख्खे राहावेत म्हणून बहुतेक वेळा त्यात कॅल्शियम क्लोराइड घातलेलं असतं. ते तुकडे तासभर रटरटले तरी विरघळत नाहीत, मग रस एकीकडे आणि तुकडे एकीकडे. डब्यावरची घटकांची यादी वाचा. अख्खे सोललेले टोमॅटो घ्या आणि हाताने चुरा. (वाडग्यात हात बुडवून चुरा, नाहीतर पहिलाच टोमॅटो शर्टावर.) काही डब्यांतल्या अख्ख्या टोमॅटोंतही कॅल्शियम असतं, तेव्हा तिथेही यादी बघा.

कृती:

रुंद, जाड बुडाचं पातेलं घ्या. स्टील किंवा इनॅमलचं चालेल. बिनलेपाचं अॅल्युमिनियम आणि लोखंड नको, टोमॅटोच्या आंबटपणाने सॉसला धातूची चव येते. ३ मोठे चमचे ऑलिव्ह तेल चांगलं तापलं की खिमा पसरून टाका आणि हलवू नका. आधी पाणी सुटेल, बुडबुड आवाज येईल. ते आटलं की आवाज बदलतो, चुरचुर सुरू होते. खरं भाजणं तिथून पुढे. बहुतेक लोक बुडबुड चालू असतानाच टोमॅटो ओततात, म्हणून खिमा राखाडी आणि बेचव राहतो. चुरचुर सुरू झाल्यावर चार-पाच मिनिटं द्या, तळाला तपकिरी थर धरू द्या. थर काळा पडायला लागला तर आच उतरवा, जळका कडवटपणा नंतर कशानेही जात नाही.

खिमा बाजूला काढा. त्याच तेलात कांदा १५० ग्रॅम, गाजर ८० ग्रॅम, सेलरी ८० ग्रॅम, सगळं अगदी बारीक चिरून, मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं. लसणाच्या ३ पाकळ्या शेवटच्या मिनिटाला. मग टोमॅटो पेस्ट २ मोठे चमचे आणि ती २-३ मिनिटं परता. भडक लाल रंग विटकरी झाला आणि कडेने तेल सुटलं की झाली. कच्ची पेस्ट राहिली तर शेवटपर्यंत डब्याचा वास येत राहतो.

आता १२० मिली लाल वाइन घालून तळ खरवडून काढा आणि उग्र वास जाईपर्यंत आटवा. वाइन नको असेल तर तेवढाच स्टॉक, आणि अगदी शेवटी चमचाभर रेड वाइन व्हिनेगर. खिमा परत घाला, चुरलेले टोमॅटो ८०० ग्रॅम, पाणी २५० मिली, तमालपत्र एक. उकळी आली की आच इतकी कमी करा की दोन-तीन सेकंदांनी एखादा बुडबुडा फुटेल. झाकण तिरकं. दीड तास, दर पंधरा मिनिटांनी तळापासून हलवत.

झाला की नाही हे घड्याळाला विचारू नका. लाकडी पळी तळावरून ओढा, रेघ दोन सेकंद उघडी राहिली पाहिजे. चमचाभर ताटलीत टाका, भोवती पाण्याचं कडं दिसलं तर अजून आटवा.

मीठ पहिल्या तासात जवळजवळ घालूच नका. आटताना खारटपणा वाढतो, पुढे चीज येतं आणि पास्त्याचं पाणीही खारट असतं. साखरेची गरज गाजर भागवतं. तरीही फारच आंबट लागला तर चिमूटभर खाण्याचा सोडा. फेस येईल, घाबरू नका, पण चिमटीच्या पुढे गेलात तर साबणाची चव.

उकळतं_पाणी

स्पॅगेटीचं थोडक्यात. ३ लिटर पाणी ही चूक नाही. १०० ग्रॅमला १ लिटर हा जुना हिशेब, पण कमी पाण्यात पिष्ट जास्त दाट उतरतं आणि इथे तेच हवं आहे. फक्त पहिली दोन मिनिटं सतत ढवळा, चिकटते ती तेव्हाच. ३ लिटरला मीठ २५-३० ग्रॅम.

तेल आणि धुणं मात्र दोन्ही बंद. तेल पाण्यावर तरंगतं, चिकटणं थांबवत नाही. गाळताना मात्र पास्त्याला माखतं. धुतल्याने उरलंसुरलं पिष्ट जातं. अशा गुळगुळीत दोरीला सॉस धरणार कसा?

पाकिटावरच्या वेळेच्या २ मिनिटं आधी चिमट्याने थेट रुंद पॅनमध्ये काढा. पॅनमध्ये आधीच निम्मा सॉस गरम असू द्या. त्यात पास्त्याचं १५० मिली पाणी घालून मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटं परता. पॅन तिरका केल्यावर पातळ पाणी वाहत नसेल तर आच बंद करून चीज. आच चालू असताना घातलेलं चीज गुठळ्या होऊन पळीला चिकटतं. घेता येईल तर खरबरीत, फिकट दिसणारी स्पॅगेटी घ्या, कांस्याच्या साच्यातून काढलेली. तिला सॉस जास्त धरतो.

मधली_आच

@खळ_आणि_खिमा, वळेपर्यंत कळलं. पण तळू की ओव्हनमध्ये? आणि सॉसमध्ये कधी टाकू?

खळ_आणि_खिमा

ओव्हन. २२० अंश सेल्सिअस, वरच्या कप्प्यात, तेलाचा हात फिरवलेल्या ट्रेवर १२ ते १४ मिनिटं. गोळे एकमेकांना चिकटवून ठेवू नका, वाफेत ते भाजले न जाता उकडले जातात. रंग आला की सॉसमध्ये, शेवटची २०-२५ मिनिटं. मध्यभागी ७१ अंश आले पाहिजेत. खिमा चिकनचा असेल तर ७४. ट्रेवर जमलेला रस सॉसमध्ये ओता, चरबी फार वाटली तर वरची काढून.

रविवारची_मोठी_पळी

थोडी असहमती. तळलेल्या मीटबॉलला चारी बाजूंनी जो खरपूस थर येतो तो ओव्हनमध्ये येत नाही, खालची बाजूच तेवढी चांगली भाजली जाते. उथळ तेलात, मध्यम आचेवर, एका वेळी सात-आठच गोळे. ६-७ मिनिटांत होतात. एक खूण लक्षात ठेवा: गोळा पॅनला चिकटला असेल तर उचकटू नका, थर तयार झाला की तो आपणहून सुटतो.

दुसरं, २५ मिनिटंच का? २० टक्के चरबी आणि एवढी खळ असेल तर ते सॉसमध्ये तास-सव्वा तास राहिले तरी मऊच राहतात, आणि सॉसला त्यांची चव जास्त उतरते. अट एकच, सॉस खदखदता कामा नये. फुटलेले मीटबॉल बहुतेक वेळा खदखदण्याने किंवा पहिल्या दहा मिनिटांत पळी फिरवल्याने फुटलेले असतात. तेवढा वेळ पळी बाजूला, पातेलं दोन्ही कानांना धरून गोल हलवा.

खळ_आणि_खिमा

चवीचं मान्य. पण सव्वा तासाने गोळ्यांचा स्वतःचा स्वाद सॉसमध्ये जातो आणि दोन्हींची चव एकच लागते. सॉस नुसत्या टोमॅटोचा असता तर मीही तेच केलं असतं. इथे सॉसमध्ये आधीच खिमा आहे, त्याला आणखी मांसाची चव कशाला?

जुन्या_कृती

मूळ पद्धतीबद्दल. एकाच ताटात स्पॅगेटी, लाल सॉस आणि मोठाले मीटबॉल ही इटलीतून अमेरिकेत गेलेल्यांची रचना. १८८० ते १९२४ या काळात ४० लाखांहून जास्त इटालियन अमेरिकेत गेले. गावाकडे क्वचित मिळणारं मांस तिथे परवडू लागलं आणि गोळे मोठे झाले. इटलीत पोल्पेत्ते, म्हणजे मीटबॉल, सहसा पास्त्यानंतर वेगळे वाढतात. अपवाद आब्रुत्सो भागातल्या तेरामोचा: तिथे कितार्रा नावाच्या, गोल नव्हे तर चौकोनी छेदाच्या स्पॅगेटीबरोबर हरभऱ्याएवढ्या गोळ्या घालतात. त्या काट्यावर पास्त्याबरोबरच उचलल्या जातात, तोडाव्या लागत नाहीत.

खिम्याच्या सॉसचं माहेर बोलोन्या. तिथल्या रागूची कृती इटालियन पाककला अकादमीने १७ ऑक्टोबर १९८२ रोजी शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंदवली आणि २०२३ मध्ये सुधारली. तो रागू स्पॅगेटीवर नाही, तालियातेल्ले या चपट्या पास्त्यावर घालतात. कारण व्यवहाराचं आहे: दाट खिमा चपट्या पट्टीवर बसतो, गोल दोरीवरून निसटतो. स्पॅगेटीच हवी असेल तर सॉसमधला खिमा अगदी बारीक ठेवा, भाजताना पळीच्या कडेने मोडत राहा. वाटाण्याएवढे गोळे राहिले की ते ताटाच्या तळाशी गेलेच म्हणून समजा. त्या रागूत दूधही घालतात. इथे टोमॅटो परतून झाल्यावर १०० मिली घालून बघा, आंबटपणाची धार जाते.

मधली_आच

सगळ्यांना धन्यवाद. शेवटचं: आदल्या दिवशी करून ठेवलं तर?

तळाला_लागलं

सॉस आणि मीटबॉल खुशाल, स्पॅगेटी नाही. दुसऱ्या दिवशी सॉस जास्त मुरतो. उथळ भांड्यात गार करा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. तीन-चार दिवस राहतो. फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने, पण मीटबॉल आधी ट्रेवर सुटे गोठवून मग पिशवीत, नाहीतर एकच ढेकूळ होते. गरम करताना सॉस घट्ट झालेला असेल, अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर झाकण ठेवून १५ मिनिटं. स्पॅगेटी परतायच्या आधी मीटबॉल बाहेर काढून ठेवा, चिमट्याच्या पहिल्या झटक्यातच फुटतात.