मदत हवी आहे: घर बदलतंय, टोमॅटो लावू का?

नमस्कार मंडळी. आमची ठाण्यात नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला गेलीये, डिसेंबरअखेर घोडबंदरला भाड्याच्या घरात जायचंय. त्यात सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुंड्यांकडे बघायला फुरसतच नाही. पावसाने माती दगडासारखी बसलीये, वांग्याच्या बुंध्याला पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) चिकटलाय. मेथी-पालक महिन्याभरात हाती येतात, त्या लावतेच. प्रश्न टोमॅटोचा. रोप लावल्यापासून फळाला दोन-अडीच महिने, म्हणजे ऐन बहरात टेम्पोत चढणार! ग्रो बॅगेत (झाडं लावायच्या पिशवीत) लावून नेलं तर तगेल का? नव्या बाल्कनीत फक्त सकाळचं ऊन, तेही ग्रिलमधून. आणि जुनी माती उन्हात तापवून, शेणखत-निंबोळी पेंड घालून परत वापरू का? सासूबाई म्हणतात, टाकायची नाही. (त्यांच्यापुढे कोण बोलणार!)