आजीच्या आठवणींचा काळ कसा ठरवावा?

अडाणकाठ (प्रश्न)

आमचे घर यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आहे. आजी आता थकली असली तरी तिची स्मरणशक्ती शाबूत आहे, म्हणून ती लग्न होऊन या घरात आली तेव्हापासूनचा सारा वृत्तान्त तिच्याकडून ऐकून लिहून ठेवण्याचे काम मी हाती घेतले आहे. अडचण सालांची आहे. बैलांचा कोठा कधी जळाला असे विचारले की "तवा तुहा बाप रांगत होता" एवढेच उत्तर मिळते, आणि बाबांच्या जन्मतारखेवरच घरात एकमत नाही. तिची वरात मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरच्या शकुंतला रेल्वेने आली होती. परंतु त्या गाडीला 1994 पर्यंत वाफेचेच इंजिन होते, त्यामुळे "कोळशाची गाडी होती" यावरूनही काळ निघत नाही. ज्यांनी आपल्या घरच्या आठवणी अशा लिहून काढल्या आहेत, त्यांनी क्रम कसा लावला, हे कृपया सांगावे.

अचलपूरचा मास्तर

साल विचारूच नये. व्यवहार कोणत्या पैशांत होत होता आणि ताटात काय होते, हे विचारावे. नवे पैसे 1 एप्रिल 1957 रोजी आले, पण "चार आणे", "आठ आणे" हे शब्द त्यानंतरही कित्येक वर्षे तोंडी राहिले, म्हणून नुसत्या आण्यांच्या उल्लेखावर विसंबू नये. त्याऐवजी भोकाचा पैसा हाताळला होता का, असे विचारावे. तो 1943 ते 1947 या काळात पाडला जात होता.

घरच्या जुन्या पेटीतील कागदही पाहावेत. विदर्भ 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मध्यप्रदेशात होता, नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात आहे, त्यामुळे तारीख पुसट झालेल्या दाखल्यावर किंवा मुद्रांकावर राज्याचे नाव वाचता आले तरी काळाची मर्यादा कळते.

आमच्या आईच्या सगळ्या आठवणी मात्र 1972 च्या दुष्काळाभोवती लागल्या. त्या वर्षी रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळत असे. तिच्या पिठाला चिकटपणा नसे. आई आधणाच्या पाण्यात पीठ भिजवायची, तरी थापताना भाकरीची कड चिरत जायची आणि तव्यावर टाकेपर्यंत तिचे दोन तुकडे व्हायचे. ते तुकडे ती स्वतःच्या ताटात घ्यायची आणि अखंड भाकरी आम्हा भावंडांना वाढायची. हे सांगताना कोणता भाऊ कितवीत होता, कोणती बहीण सासरी गेली होती, हे तिला आपोआप आठवत गेले.

अडाणकाठ

मास्तर, आपले मनापासून आभार. काल रात्री जेवताना मिलोचा विषय काढला. आजी म्हणाली, "तुहा बाप तवा दुसरीत होता, सुकडी खिशात भरून आणे." (सुकडी म्हणजे दुष्काळात वाटला जाणारा कोरडा पौष्टिक खाऊ.) म्हणजे बाबांचा जन्म 1965 च्या आसपासचा आणि कोठा जळाला तो त्यानंतरच्या वर्षभरात. ही गोष्ट बाबांनाही ठाऊक नव्हती. खिशातल्या सुकडीचे ऐकून ते बराच वेळ बोलत राहिले आणि मला लिहिण्यासाठी दुसरी वही काढावी लागली.

धानपट्टा

मी भंडारा जिल्ह्यातला आहे. मास्तरांची रीत उत्तम आहे, परंतु आठवण सांगणाऱ्या माणसाला समोर बसवून प्रश्न विचारण्यापेक्षा हाताला ओळखीचे काम देऊन विचारल्यास अधिक हाती लागते, असे माझे ठाम मत आहे. आमची आजी घरात "आता काय आठवते" म्हणून विषय संपवत असे. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिला बांधीवर (धानाच्या शेतावर) नेले आणि परे (धानाची रोपे) काढणाऱ्या बायांजवळ बसवले, तेव्हा तिने जुडी कशी बांधावी हे दाखवता दाखवता सांगितले की, तिच्या लहानपणी मालगुजाराची (सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराची) रोवणी आटोपल्याशिवाय आपल्या बांधीत उतरण्याची सोय नव्हती. आमच्याकडे मालगुजारी 1951 मध्ये संपली, त्यामुळे ती आठवण त्याआधीची हे निश्चित झाले. आपल्याकडे कापूस आहे. वेचणीच्या वेळी आजीला धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बसवावे, तिच्या ओटीत चार बोंडे द्यावीत आणि तिला बोलू द्यावे. शिवाय "तवा तुहा बाप रांगत होता" हे वाक्य तिच्याच शब्दांत वहीत राहू द्यावे. काढलेले साल शेजारी समासात लिहावे.

खामगावकर

कोतवाल बुकाचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. पूर्वी गावातील जन्म-मृत्यूची नोंद कोतवालाच्या वहीत होत असे आणि त्या जुन्या वह्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात पाहायला मिळतात. बहुधा बाळाचे नाव नसते. बापाचे नाव, मुलगा की मुलगी आणि तारीख असते, म्हणून भावंडांचा क्रम आधी आजीकडून नक्की करून घ्यावा. आजोबांच्या पिढीसाठी ही वही उपयोगी पडेल. बाबांसाठी आधी ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदी पाहाव्यात. नकलेच्या अर्जात गाव, बापाचे पूर्ण नाव आणि अंदाजे साले लिहावीत. आपल्याला 1965 हा अंदाज मिळालाच आहे, तेव्हा 1963 ते 1967 एवढ्याच नोंदी मागाव्यात, म्हणजे शोधणाऱ्याचेही काम हलके होईल.