अनुभव धागा: ठरवलं एक, झालं भलतंच, आणि मध्ये देव

धागाकर्ती, दापोली
परवा भजन संपल्यावर चहा घेताना विषय निघाला. देवावर भार टाकला म्हणतो तेव्हा आपण नक्की काय करतो? हातपाय हलवायचे थांबवतो, की नुसती बोंब मारायचं थांबवतो? ठरवलेलं फिसकटलं तेव्हा देवाशी तुमचं काय झालं, ते लिहा. शेवट गोड झालेल्यांनीच लिहावं असं नाही. आणि 'जे होतं ते भल्यासाठीच' हे कृपा करून नको, ऐकून ऐकून कान किटलेत.

दिवेआगर
3 जून 2020, निसर्ग वादळ. माड मुळासकट आडवे, पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, मात्र मधूनच पिळवटून मोडलेल्या. वाडी पणजोबांची. बहिणीचं लग्न, माझं शिक्षण, सगळं रोठा जातीच्या सुपारीवर झालेलं. नवीन पोफळ लावली तर धरायला पाच-सात वर्षं, आणि बाबा सत्तरीपार. (भरपाईबद्दल लिहीत नाही, त्याला वेगळा धागा लागेल.)

बाबांनी पूजा बंद केली. आई करायची, तीही न बोलता. मग एका सकाळी बाबा आंघोळ करून सोवळं नेसून देवापुढे बसले. राग गेला का, विचारलं. म्हणाले, "गेला नाही. पण आपल्या गणपतीचं काय झालं बघ."

बाहेरच्यांसाठी सांगतो: 1997 साली इथल्या एका सुपारीच्या वाडीत खणताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. गावाचं नशीब पालटलं, खानावळी निघाल्या. 2012 च्या मार्चमध्ये दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचे जीव गेले, मुखवटा वितळवला गेला. नवा मुखवटा बसला 2021 मध्ये, म्हणजे वादळ आलं तेव्हा गाभाऱ्यात सोनं नव्हतंच. पर्यटक घटले होते, गावातले मात्र देवळात जात होते.

बाबा म्हणाले, "त्याला स्वतःचं सोनं राखता आलं नाही, माझ्या पोफळी काय राखणार? राखणदार म्हणून नाही, सोबतीला म्हणून बसवलाय त्याला."

नंतर त्यांनी वाडी साफ करून घेतली, आधी केळी लावल्या आणि केळींच्या सावलीत पोफळीची रोपं. राग अजून आहे म्हणतात. पूजाही चालू आहे.

श्रीवर्धन
वरचं वाचून लिहितोय, वादळ तेच. होडी किनाऱ्यावर ओढलेली होती. अब्बांच्या तोंडी कायम ती हदीस: आधी उंट बांध, मग अल्लावर भरवसा ठेव. म्हणून दोरखंड दुहेरी करून होडी माडाला बांधली. होडी जागची हलली नाही. माडच तिच्यावर पडला.

मी डोकं धरून बसलो. अब्बा फळ्या उचलत म्हणाले, "बांध म्हटलंय. कशाला बांधायचं ते आपण बघायचं." त्या दिवशी आमच्या घरात हसलेले ते एकटेच.

चिपळूण
22 जुलै 2021. दुकान पूर्ण पाण्यात. गोड शेवट नको म्हणालात म्हणून लिहायचं धाडस करते. आमचं परत उभं राहिलं नाही. चिखल काढला, कपड्याचे तागे धुऊन वाळवले, वास गेला नाही. गाळा विकला, हे आता दुसऱ्याच्या दुकानात कामाला जातात. देवाला मी काही मागत नाही आणि जाबही विचारत नाही. दिवा लावते, कारण तेवढीच पाच मिनिटं घरात कुणी बोलत नाही. याला श्रद्धा म्हणायचं का, तुम्हीच ठरवा.

संगमेश्वरची सून, सध्या ठाणे
मूल व्हावं म्हणून उपचार झाले, नवस झाले. शेवटी दोन्ही थांबवलं. गौरीला ओवसा, म्हणजे सुपातलं वाण, भरायचा दिवस मला नको व्हायचा, सगळ्या जावा पोरांना कडेवर घेऊन उभ्या. एका वर्षी माडीवर बसून राहिले. सासूबाई सूप घेऊन वर आल्या. त्यात भोपळ्याची पानं, काकडी, करंज्या, सगळं रचलेलं. "गवर माहेरवाशीण आहे, तिला तुझी पोरं मोजायची नाहीत. चल." बस, एवढंच बोलल्या. खाली गेले. मूल नाही झालं. नवस बोलायची सवय मात्र सुटली आणि गौरीशी जरा मोकळं वागता येऊ लागलं.

कुडाळ
आमच्याकडे कौल लावतात, म्हणजे देवाला हो की नाही विचारतात. लॉकडाऊनमध्ये मुंबईची नोकरी गेली, गावी येऊन कर्जाने टेम्पो घ्यायचं ठरवलं. गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' केलं, गुरवाने देवाच्या पाषाणाला फुलांचे कळे चिकटवले. उजवा पडला तर होकार, डावा तर नकार. डावा पडला. मी म्हटलं परत लावा. आई म्हणाली, "देवान नको म्हटल्यान, आता गप रव." गप राहिलो. चिडूनच.

धागाकर्ती
आणि उजवा पडला असता तर?

कुडाळ
तर हप्ते थकल्यावर म्हटलं असतं, गुरवाने कळे नीट चिकटवले नव्हते. आईने तेही ऐकून घेतलं नसतं.