जॅकला ग्रीस नको

मोटरहोमचे, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीचे, हायड्रॉलिक जॅक (मुक्कामाला गाडी समतल करणारे, तेलाच्या दाबावर चालणारे पाय) परत वर जायला वेळ लावतात, तर दांड्याला ग्रीस लावावं का, असं एकाने विचारलंय. अजिबात नको. ग्रीसला वाळू चिकटते, दांडा आत जाताना तीच सीलला (तेल अडवणाऱ्या कड्याला) घासते आणि मग तेल गळायला लागतं. जॅक पूर्ण बाहेर काढा, चकचकीत दांडा कोरड्या फडक्याने पुसा आणि ड्राय सिलिकॉन स्प्रे मारा. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेत मुक्काम लांबला, तर हे जरा वारंवार करावं लागतं. तेलाची पातळी मात्र सगळे जॅक वर घेऊनच बघा. खाली असताना टाकी रिकामी वाटते, आपण भर घालतो आणि जॅक वर घेतले की तेल बाहेर! बऱ्याच यंत्रणांत एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतं, तरी मॅन्युअल बघाच.

आणि ‘जॅक लावताना मागची चाकं उचलली गेली तरी चालतं’ असं कुणी म्हणतं, ते काही पटलं नाही बुवा. पार्किंग ब्रेक धरतो तो मागच्या चाकांना. तीच अधांतरी झाली तर उतारावर गाडीला थोपवणार कोण? उतार जास्त असेल तर आधी चाकांखाली फळ्या घालून गाडी त्यावर चढवा, मग जॅक टेका. ट्रेलरच्या (गाडीमागे ओढायच्या घराच्या) कोपऱ्यांतले कात्रीसारखे जॅक तर वजन उचलायला नसतातच, ते फक्त डुगडुग थांबवतात.